नाथाजी निरोप वाचत नाहीत

मेढ्यापासून वर चढत गेलं की डोंगराच्या पोटात ज्या वाड्या लागतात, त्यांतल्या एका वाडीत मोबाइल घरटी आहे आणि रेंज एकाच जागी येते. भैरोबाच्या देवळामागं सपाट खडक आहे, तिथं. त्या खडकावर रोज सकाळी एक उंच, वाळका म्हातारा येऊन बसतो. अंगात फौजेतला कोपरावर विरलेला स्वेटर, पाठ ताठ, मोबाइल समोर रुमालावर ठेवलेला. नवख्याला वाटावं, बाबा ध्यान लावून बसलाय.

हे नाथाजी पार्टे, फौजेच्या सिग्नल तुकडीतून निवृत्त झालेले हवालदार. ध्यानबिन काही नाही, ते ड्युटीवर असतात. ही ड्युटी त्यांना कुणी दिली नव्हती, ती हळूहळू अंगावर पडली. आधारवरचं नाव दुरुस्त करायचं असो, रेशनकार्डावर सून चढवायची असो की दवाखान्याचं कार्ड काढायचं असो, मेढ्यातला कॉम्प्युटरवाला विचारतो, नंबर कुणाचा टाकू? आणि वाडीचं माणूस डोळे झाकून नाथाजींचा नंबर सांगतं. पोरं सारखी सिमकार्डं बदलतात, बायकांचे फोन दाल्ल्याच्या नाहीतर लेकाच्या खिशात असतात. नाथाजींचा नंबर मात्र फौजेतून आल्यापासून तोच आहे आणि त्याचा रिचार्ज कधी संपत नाही. त्यामुळं सरकारच्या कॉम्प्युटरात ही अख्खी वाडी एका म्हाताऱ्याच्या खिशात राहते. कायद्यानं हे बरोबर नाही म्हणतात. म्हणोत बापडे, वाडीचं काम अडत नव्हतं.

कॉम्प्युटरसमोर बसलेल्या माणसानं मेढ्यातून फोन करायचा, इकडं खडकावर नाथाजींच्या मोबाइलवर ओटीपी येणार, तो त्यांनी वाचून दाखवायचा. पण नाथाजी म्हणजे काही कुणालाही आकडा देऊन मोकळं होणारं माणूस नव्हे. त्यांनी घरटी एकेक खुणेचा शब्द ठरवून दिला होता. कुणाचा करवंद, कुणाचा तांबडी गाय. फोन आला की आधी आवाज ओळखायचा, मग खूण विचारायची, मग आकडा अर्धा सांगायचा, पलीकडच्यानं तो परत म्हणायचा, मग उरलेला अर्धा. काम झालं की मेसेज पुसून टाकायचा. एकदा एका जावयानं घाईत खूण सांगितली नाही, तर त्याचं काम नाथाजींनी दोन दिवस लटकवून ठेवलं. बायको अंबूबाई म्हणायची, "ह्यांची फौज अजून सुटली न्हाई."

आणि एक गोष्ट ते कटाक्षानं पाळत. मेसेजातले आकडे तेवढे बघायचे, बाकीचा मजकूर वाचायचा नाही. फौजेत वायरलेसवर बसून त्यांनी अक्षरांचे गट पाठवले होते. त्या गटांत काय दडलंय, हे पाठवणाऱ्यानं विचारायचं नसतं. निरोप पोचवायचा, निरोपात डोकवायचं नाही, हे त्यांच्या अंगात मुरलं होतं. इथं तर साऱ्या वाडीची घरं त्यांच्या मोबाइलमधून जात होती. कुणाचा कसला तपास कुठल्या दवाखान्यात झाला, कुणी कसला अर्ज मागं घेतला, सगळं. दुसरा कुणी असता तर पारावर बसून महिनाभर पुरवला असता तो ऐवज. नाथाजींनी कधी एक ओळ वाचली नाही, आणि वाडीनं त्यांच्यावर जो विश्वास टाकला होता तो याच्यावरच.

याच चांगुलपणानं त्यांचा घात केला.

त्यांचा मुलगा अर्जुना फौजेत, पार वरच्या सीमेवर, लागला तर फोन लागतो असा. त्याची थोरली अंकिता. अंबूबाईच्या पायाला साखरेमुळं जखम झाली होती, तेव्हा ही पोरगी मेढ्याच्या दवाखान्यात सिस्टरच्या शेजारी उभी राहून पट्टी करायला शिकली आणि वर्षभर रोज सकाळी आजीचा पाय धुऊन तिनं ती जखम भरून आणली. अंबूबाई चालायला लागली. त्या वर्षी अंकितानं ठरवलं, आपण नर्सच व्हायचं. वाडीतून आजवर पोरी उजवून सासरी गेल्या होत्या, शिकायला बाहेर कुणी गेली नव्हती. परीक्षा दिली, मार्क पडले, आणि पहिल्याच यादीत तिला सांगलीच्या सरकारी नर्सिंग कॉलेजात जागा लागली. खासगी कॉलेज परवडण्यातलं नव्हतं. ही जागा म्हणजे नर्स होणं, आणि ही गेली तर पुढच्या उन्हाळ्यात लग्न. हे घरात कुणी मोठ्यानं बोललं नव्हतं, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

अंकिता सांगलीला विश्रामबागेत मावशीकडं गेली. जागा पक्की करायची ती कॉम्प्युटरवर, आणि नंबर अर्थातच आबांचा. निघताना नाथाजींनी तिला बजावलं होतं, "परक्याच्या मशीनवर बसतीयास. पासवर्ड आपल्या हातानं टाकायचा. मशीन इचारंल, ध्यानात ठेवू का, तर न्हाई म्हनायचं. उठताना लॉगआउट करून भाईर पडायचं, नुसतं बंद करून उठायचं न्हाई. समजलं?"

"व्हय आबा, समजलं."

पोरीला समजलं होतं, पण विश्रामबागेतल्या ज्या कॉम्प्युटरच्या दुकानात ती गेली, तिथं परक्याच्या मशीनवर बसायलाच मिळत नाही, हे आजोबांनाही माहीत नव्हतं आणि तिलाही नव्हतं. तिथं कॉलेजच्या पोरापोरींची झुंबड. काउंटरच्या पलीकडं मालक, कानात वायरी, समोर स्क्रीन. आणि त्या स्क्रीनची पाठ गिऱ्हाइकाकडं. त्यानं हात पुढं केला, "आयडी, पासवर्ड सांग." अंकिता म्हणाली, "मी टाकते." तो हसला नाही, रागावलाही नाही. "मागं लाइन बघ," एवढंच म्हणाला. मागं खरंच लाइन होती आणि लाइनीतली माणसं तिच्याकडं बघत होती. तिनं पासवर्ड सांगितला. तुम्हीआम्हीही सांगितला असता.

मग तिनं आबांना फोन लावला. खडकावर नाथाजी तयारच होते. खूण झाली, आकडा दोन तुकड्यांत गेला, तिनं परत म्हणून दाखवला. प्रिंटरमधून कागद आला, जागा पक्की. अंकिता पैसे द्यायला लागली तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "थांब, अजून एक ओटीपी येईल. तोपण सांग, म्हणजे फायनल होईल."

तिनं परत फोन लावला. "आबा, आनी एक आलाय बघा."

"आलाय. खूण?"

"करवंद."

आवाज तिचाच होता. खूणही बरोबर. नाथाजींनी आकडा दोन तुकड्यांत सांगितला, तिनं तो म्हणून दाखवला, त्यांनी "ठीक है" म्हटलं आणि फोन ठेवला. त्यांच्या पद्धतीत काही म्हणजे काही चुकलं नव्हतं. मेसेज ते पुसणार होते, पण खालून अंबूबाईची जेवायची हाक आली आणि ते तसेच उतरले.

दुसऱ्या दिवशी अंकिता कागदपत्रं घेऊन प्रवेश केंद्रावर गेली. तिथं माया मॅडम म्हणून बाई बसतात. त्यांनी कॉम्प्युटरात बघितलं, परत बघितलं आणि म्हणाल्या, "अगं, तू जागा काल पक्की केलीस आणि लगेच सोडलीस. तूच ओटीपी टाकून सोडलीयेस."

अंकिता मावशीच्या घरापर्यंत रडली नाही. घरी गेल्यावर तिनं खडकावर फोन लावला. बोलणं धड होत नव्हतं, रेंज तुटत होती की तीच तुटत होती, नाथाजींना कळेना. पण 'जागा गेली' एवढं कळलं, आणि 'दुसरा आकडा' एवढं कळलं. फोन ठेवून त्यांनी तो मेसेज उघडला. रोज दुसऱ्यांच्या मेसेजवरून सरकणारी नजर त्यांनी पहिल्यांदा मुद्दाम पहिल्या शब्दावर टेकवली.

मेसेज इंग्रजीत असता तर मनाला काही सांगता आलं असतं. तो मराठीत होता. सरकारी असली तरी मराठीच. आपण मिळालेली जागा सोडत आहात, ही जागा पुन्हा मिळणार नाही, आपली संमती असेल तरच हा क्रमांक द्यावा, तो कोणालाही सांगू नये. आणि खाली आकडा. फक्त तो आकडा त्यांनी उचलला होता आणि पोरीच्या हातात दिला होता. नाथाजी खडकावर बसून राहिले. नातीच्या पायाखालची जमीन आपण आपल्या तोंडानं काढून घेतली होती, आणि तीही खूण विचारून.

मेढ्याहून सातारा, साताऱ्याहून सांगली. एसटीत त्यांनी पाण्याचा घोटही घेतला नाही. मावशीच्या दारात अंकिता उभी होती. त्यांनी चप्पलही न काढता मोबाइल तिच्यापुढं धरला. "वाच."

तिनं वाचलं. डोळे सुजलेले होते, पण आवाज कोरडा होता. "ह्यात सगळं लिवलंय की. तुमी वाचलं न्हाई?"

"दुसऱ्याचं मी वाचत न्हाई, बाळा."

"माझं वाचाय पायजे व्हतं, आबा. मी तिथं स्क्रीनच्या पाठीमागं हुबी हुते. मला काय दिसत हुतं? तुमाला दिसत हुतं."

वाद घालायला त्यांना आवडायचं, पण पोरगी खरं बोलत होती.

आधी ते दुकानात गेले. दुकानदार वस्ताद निघाला. "आजोबा, तिनं स्वतः नंबर सांगितला. तुम्ही तिला सांगितला. मी फक्त टाकला. नंबराशिवाय कॉम्प्युटर काही करतो का?" घाईत भलत्याच बटणावर बोट पडलं असेल का, असं विचारल्यावर म्हणाला, "असेल, गर्दी होती." मग जागा सोडल्यानं वेटिंगवरच्या कुणाचा फायदा होणार, आणि तो कुणी तुझं गिऱ्हाईक आहे का, असं अंकितानं विचारल्यावर मात्र त्यानं कानात वायरी घातल्या. ती चूक होती की बदमाशी, हे आजतागायत कळलेलं नाही. माझं मत विचाराल तर बदमाशीच. पण मताला पुरावा लागतो आणि पुराव्यात आकडा नाथाजींच्या मोबाइलवरून गेलेला होता.

माया मॅडम मनानं वाईट नव्हत्या. त्यांनी नाथाजींना खुर्ची दिली, मेसेज बघितला, मान हलवली. दुसरी यादी लागेपर्यंत ती जागा कुणाला जाणार नव्हती. वर शेरा पाठवला तर परत मिळू शकत होती. "पण शेऱ्याला कारण लागतं," त्या म्हणाल्या. "फसवणूक म्हणून पाठवलं तर पोलीस, चौकशी, त्यात यादी लागून जाईल. चुकून दिला म्हणून पाठवलं तर वरचे म्हणतात, मेसेज मराठीत आहे, वाचून दिलाय, संमती आहे." मग कागदाकडं बघत म्हणाल्या, "मागच्या वर्षी एक केस परत आली होती. पालकांना लिहितावाचता येत नव्हतं. तसं असेल तर माझ्या हातात आहे. तुम्हाला वाचता येतं का, आजोबा?"

खोलीत पंखा फिरत होता. अंकिता मागं उभी होती.

नाथाजी त्या वाडीतले पहिले मॅट्रिक. शाळेसाठी ते डोंगर उतरून मेढ्याला पायी जायचे आणि चढून पायी यायचे. फौजेतून सुट्टीवर आले की वाडीभरच्या बायका नवऱ्यांची पत्रं घेऊन दारात बसायच्या. पत्र वाचायला सांगितलं तर ते वाचत, न सांगितलेलं कधी वाचलं नाही. निवृत्त झाल्यावर शाळेत मास्तर नसला की पोरांना अक्षरं त्यांनी लावली, अंकितालाही त्यांनीच लावली होती. माणसाजवळ शेत असतं, गुरं असतात, कुणाजवळ पदकं असतात. नाथाजींजवळ हे होतं.

"न्हाई येत," ते म्हणाले.

"आबा..." अंकिता पुढं आली. त्यांनी मागं न बघता हात वर केला, फौजेत करत तसा, आणि ती थांबली.

मॅडमनी कॉम्प्युटरमधला मागच्या वर्षीचा अर्ज काढला, त्यात नावं बदलली आणि कागद छापून आणला. मग त्यांनी तो नाथाजींपुढं ठेवून, ओळीखाली बोट फिरवत, सावकाश, लहान पोराला सांगावं तसा वाचून दाखवला. मी नाथाजी अमुक, मला लिहितावाचता येत नाही, मेसेजचा अर्थ मला समजला नाही, माझ्याकडून नकळत क्रमांक दिला गेला. नाथाजी माना डोलवत होते आणि त्यांचे डोळे मॅडमच्या बोटाच्या पुढं पळत होते. निरक्षर माणसाचे डोळे कसे ठेवायचे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटच्या परिच्छेदापाशी मॅडमचं बोट थांबलं. "आणि हे नेहमीचंच आहे," त्या म्हणाल्या आणि कागदाच्या खालच्या कोपऱ्यापाशी शाईचं पॅड ठेवलं.

ते नेहमीचं म्हणजे असं होतं, की सदर कामी संबंधित दुकानदाराची कोणतीही चूक नसून त्याच्याविरुद्ध माझी तक्रार नाही व पुढेही राहणार नाही. मागच्या वर्षीच्या कागदातलं ते तसंच आलं होतं. मॅडमनी जाणून ठेवलं होतं का, की त्यांच्याही लक्षात नव्हतं, देव जाणे. नाथाजींनी ते शब्द न् शब्द वाचलं. मागं अंकितानंही वाचलं असणार, तिचा श्वास थांबलेला त्यांना ऐकू आला. आता बोलायचं तर वाचता येतं म्हणायचं, आणि वाचता येतं म्हणायचं तर जागा सोडायची. त्यांनी डावा अंगठा शाईवर दाबला आणि कागदावर टेकवला. सही करायची सवय असलेला माणूस अंगठा नीट देत नाही. पहिला ठसा फिसकटला, मॅडमनी त्यांचं बोट धरून दुसरा उठवला.

"छान," मॅडम म्हणाल्या. "जागा परत येईल, काळजी करू नका. एवढंच, की वरून कुणी गावात फोन करून खात्री करतील. सरपंचांचा नंबर देऊन ठेवा."

बाहेर आल्यावर अंकितानं ओढणीचं टोक ओलं करून त्यांचा अंगठा पुसायचा प्रयत्न केला, तो निघाला नाही. झाडाखाली नाथाजींनी मोबाइल काढला आणि हंबीररावाला फोन लावला. हंबीरराव वाडीचा सरपंच, बाजाराच्या दिवशी मेढ्यात असतो, म्हणून फोन लागला.

"हंबीर, सांगलीवनं सरकारी फोन येईल. इचारतील, नाथा पार्टेला लिवता-वाचता येतं का. न्हाई म्हनायचं."

पलीकडं बाजाराचा गलका ऐकू येत होता. हंबीररावाला आधी वाटलं, म्हातारा चेष्टा करतोय. मग त्याला कळलं की नाही. "आवं आबा," तो म्हणाला, "आसं कसं म्हनू? मला बाराखडी तुमी लावली. माझ्या पोरान्लाबी तुमीच लावली."

"तवा दुसऱ्या कुनी लावली म्हन," नाथाजी म्हणाले. "आनी वाडीत सगळ्यान्ला सांगून ठेव. कुनालाबी फोन येईल, सगळ्यान्ला तेच सांगाय पायजे. लहान पोरान्लाबी सांग."

हंबीरराव म्हणाला, "सांगतो."

नाथाजींनी फोन खिशात ठेवला. साताऱ्याची गाडी कितीला आहे ते बघून ये, म्हणून त्यांनी अंकिताला स्टँडवर पुढं पाठवलं. ती गेल्यावर ते झाडाच्या बुंध्याला टेकून खाली बसले आणि गुडघ्यात डोकं घालून रडले.